वरच्यांसारख्याच

खिडकीवाल्याने पिशवीतून तीन तुकडे काढून जेवणाच्या टेबलावर ओळीने ठेवले. एक ॲल्युमिनियमचा, एक लाकडाचा, एक प्लास्टिकचा. तो एकेकाचे गुण सांगायला लागणार, तेवढ्यात थोरलीने हात वर केला.

“ते राहू द्या. वरच्यांकडे यातली कुठली चौकट लावलीत?”

त्याने तिसऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं. “ही. आत प्लास्टिक, वरून लाकडाची छपाई.”

थोरलीने तुकडा उचलून पाहिला. रेघा हुबेहूब लाकडाच्या, पण हाताला वजन म्हणून लागत नव्हतं. तिला तो मुळीच आवडला नाही. तरी तिने तो खाली ठेवला नाही. धाकटीने घेतलंय म्हणजे त्यात काहीतरी असणार. धाकटी उगाच काही घेत नाही.

वरच्या मजल्यावर धाकट्या दिराचं आणि जावेचं बिऱ्हाड होतं. सात महिन्यांपूर्वी तिथे या नव्या खिडक्या बसल्या आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. गोळी घेऊन थांबण्यातलं ते दुखणं नव्हतं. त्यात एकदा नणंद आली. फाटकातच थांबली, मान वर करून म्हणाली, “वरच्या मजल्यामुळे घराला काय रूप आलंय गं!” खालच्या मजल्याबद्दल अवाक्षर नाही. त्या दिवशी नणंदेच्या चहात साखर घालायची राहून गेली. मुद्दाम नाही, असं थोरलीने नंतर नवऱ्याला दोनदा सांगितलं. तेव्हापासून तिने जिन्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. धाकटी फाटकात भेटली की हिला नेमकं गॅसवर ठेवलेलं दूध आठवायचं.

तिच्या स्वतःच्या खिडक्या सासऱ्यांच्या वेळच्या होत्या. घरात कुठलाही रंग उरला की सासरे तो खिडक्यांना फासायचे. पुढे नवराही तेच करायला लागला. पांढरा, हिरवा, राखाडी, आणि आता हा पोपडे धरलेला तपकिरी. हवा जरा ओली झाली की खिडक्या फुगायच्या आणि कंबरेचा धक्का बसल्याशिवाय मिटायच्या नाहीत.

खिडकीवाला उठून खिडकीपाशी गेला. त्याने पटाशीने चौकटीचा एक कोपरा खरवडला. चारही रंग एकदम सोलून निघाले आणि आत मधाच्या रंगाचं लाकूड दिसलं. त्याने त्यावरून अंगठा फिरवला.

“वहिनी, हा जुना साग आहे. आता असा मिळत नाही. रंग उतरवू, कडांना रंधा मारू, पॉलिश करू. पण हे मोडू नका.”

“बघ,” नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला, “स्वतःचं काम घालवून सांगतोय तो.”

थोरलीने त्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग छताकडे. वर धाकटीची पावलं वाजत होती.

“तिने पढवलंय ना तुम्हाला? खालच्यांना माझ्यासारख्या देऊ नका म्हणून?”

“नाही हो.”

“मग तिने ह्याच का घेतल्या, ते सांगा.”

खिडकीवाला पटाशी पुसायला लागला. “एका घरातलं बोलणं मी दुसऱ्या घरात नेत नाही, वहिनी. आमचं काम लोकांच्या घरात शिरून करायचं. हे पाळलं नाही, तर कोण दार उघडेल आम्हाला?”

झालं, थोरलीची खात्रीच पटली. लपवण्यासारखं आहे म्हणूनच लपवतोय मेला!

“ह्याच बसवा,” ती म्हणाली. “रंग तेवढा तिच्यापेक्षा एक छटा गडद.”

पुढच्या आठवड्यात काम झालं. जुन्या चौकटी भिंती सोडायला तयार नव्हत्या. पहारीने उपटताना त्या कडाकड मोडल्या आणि तुकडे अंगणात येऊन पडले. दुपारपर्यंत नव्या खिडक्या जागेवर होत्या, एका बोटाने सरकणाऱ्या. थोरली फाटकाबाहेर गेली. तिने वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. सारख्याच दिसत होत्या. खालच्या कणभर उजव्याच. सात महिन्यांत पहिल्यांदा तिला जेवावंसं वाटलं.

एवढ्यात जिन्यावरून धाकटी धावत खाली आली. थोरली सरसावून उभी राहिली. आता हिचं तोंड उतरेल, आता काहीतरी टोचून बोलेल. पण धाकटीने नव्या खिडक्यांकडे पाहिलंच नाही. ती अंगणातल्या ढिगाऱ्यापाशी उकिडवी बसली आणि तुकडे उलटेपालटे करत राहिली. खरवडलेला कोपरा सापडला तेव्हा थांबली.

“या का मोडल्यात हो, ताई?”

“मग? तू नव्या लावायच्या आणि मी जन्मभर पोपडे बघायचे?”

धाकटीने तो तुकडा पदराने पुसला. तिचे डोळे भरले होते.

“लग्न होऊन आले तेव्हा दोन वर्षं मी याच खिडकीत बसायचे. कुणाचं लक्ष नसलं की नखाने रंग काढून आतलं लाकूड बघायचे. आमच्या बदलायच्या ठरल्या, तेव्हा खिडकीवाल्याला म्हटलं, ताईंसारख्या हव्यात. साग काही आम्हाला झेपेना. म्हटलं, निदान दिसायला तरी खालच्यांसारख्या दे.”

थोरलीने खिडकीवाल्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून हत्यारं पिशवीत भरत होता.

धाकटी उठली. हातातला तुकडा तिने थोरलीच्या हातात ठेवला. तो चांगलाच जड होता.

“आता आमच्या कुणासारख्या म्हणायच्या, ताई?”