खाजणावरची पाखरं वाढली

ॲनिशाने मोबाइल पुढे धरला आणि बायजाला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"पोरी, मी बायजा बोलते. खाजनावरची पाखरं वाढली. काय सांगू आता तुला."

"हे तुम्हीच बोललात ना, काकी?"

"मीच. दुसरं कोन बोलनार? हे तर गुडघे धरून बसलेत."

ओटीवर पाय पसरून बसलेल्या श्रीपतने मान हलवली. थंडीत दूरदेशाहून खाजणावर, खाडीकाठच्या त्या दलदलीत, येणाऱ्या पाखरांची खबर ॲनिशाच्या पक्षिमंडळाला द्यायची, हे काम खरं त्याचं. थवा कुठे उतरला, भरती आल्यावर कुठे सरकला, कुणाच्या पायात मंडळाने बांधलेली रंगीत पट्टी दिसली. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून बांधावर बायजा जायची आणि जे दिसेल ते मोबाइलवर बोलून धाडायची.

"तुम्ही वाढली म्हणालात, मी वाढली म्हणून कळवलं," ॲनिशा म्हणाली. भुईगावहून स्कूटरवर आलेली ती पोर अजून हेल्मेट मांडीवर घेऊनच बसली होती. डोळे सुजले होते. "कचेरीतले साहेब म्हणाले, पाखरं वाढतायत ना, मग खाजणात मातीचा भराव टाकायला हरकत कसली? झालं, डंपर सुरू. काल मी स्वतः बांधावर जाऊन आले, काकी. चिखल्या नाही, तुतवार नाही. एक पाखरू नाही तिथे."

"तेच तर सांगितलं तुला," बायजा म्हणाली. "वाढली."

ॲनिशा तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

श्रीपत हसला, पण हसण्यात जोर नव्हता. "पोरी, हिच्या घरात कधी काय संपतच नाय. तांदूळ वाढतात, मीठ वाढतं, तेल वाढतं. वाढलं म्हनून हौसेनं डबा उघडावा, तर तळ दिसतो. सगळा जन्म मी हिच्या वाढीवर काढला."

"मंग काय, भरल्या घरात वाईट बोलू?" बायजाने त्याला झटकलं. "बांगडी पन वाढवली म्हनतात. फुटली म्हनतं का कोन?"

"आमच्याकडे फुटली तर फुटलीच म्हणतात," ॲनिशा म्हणाली. आवाज चढवायचंही त्राण तिच्यात नव्हतं. "काकी, आता एकच करा. साहेब म्हणतात, तुमचं सांगणं मला नको, जी बाई वाढली म्हणाली तिच्या तोंडून येऊ दे. आज आलं तर आज डंपर थांबवतो."

"सांगते की. नाय आली म्हनून सांगते."

"मग म्हणतील, उशिरा येतील."

"गेली म्हनून सांगते."

"म्हणतील, फिरून येतील. वाढली म्हणजे काय, तेच त्यांना सांगायला हवं. तो एकच शब्द लागतो."

बायजाने सुपातले तांदूळ उगाच पाखडले. खडे केव्हाच निघाले होते.

"असं बोलू नये गो," ती म्हणाली. "बर्फाच्या मुलखातून येतात म्हनतेस तूच. एवढी वाट तुडवून येनाऱ्याला दारातून असं बोलायचं? वाटेत कुठं असली, तर माझ्या बोलन्यानं तिथंच राहतील."

"बोल गो," श्रीपत म्हणाला. डोळे मिटूनच बोलला. "तू गप बसलीस म्हनून ती येनार नायत. निदान पानी तरी राहू दे त्यांच्यासाठी."

बायजा उठली. सूप भिंतीशी टेकवलं. "घरात नाय बोलनार," ती म्हणाली आणि चपला सरकवून बांधाच्या वाटेला लागली. ॲनिशा मागून चालली.

खाजणाच्या अर्ध्या भागावर आता मातीचे, फुटक्या विटांचे ढीग होते. उरलेल्या भागात चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. पाणी होतं ते बांधाखालच्या खळग्यात, गुडघाभर. पलीकडे डंपर मागे मागे येत होता.

ॲनिशाने मोबाइल धरला. बायजाने पदर सावरला, फोटोला उभं राहावं तशी उभी राहिली.

"मी बायजा बोलते. खाजनावरची पाखरं..." ती थांबली. डोळे एकदा खाजणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. मग तो शब्द बोलली.

लगेच बांधावरून खाली उतरली. खळग्यातलं पाणी ओंजळीत घेऊन चूळ भरली. पाणी खारट, कडू. थुंकली, पुन्हा भरली. वर आली तेव्हा ॲनिशा मोबाइल कानाला लावून उभी होती. तिने तो काढला, पुन्हा लावला.

"काकी," ती म्हणाली. "नेमका तेव्हाच डंपर रिता झाला. बाकी सगळं ऐकू येतं. शब्द तेवढा येत नाही. परत एकदा बोलाल?"

बायजाने पदराने तोंड पुसलं. डंपर वळून रस्त्याला लागेपर्यंत वाट पाहिली. मग ॲनिशाच्या हातातून मोबाइल स्वतःच्या हातात घेतला, खाजणाकडे पाठ केली, आणि आजाऱ्याच्या कानी जाऊ नये म्हणून दाराबाहेर बोलतात, तशी हळू आवाजात बोलली.