वेष बदललेली डॉक्टरीण

"आता जे सांगतो त्यावर तुझा विश्वास बसणार नाही," म्हातारा शिंपी म्हणाला. "मेलेला भाऊ जिवंत आहे. इस्पितळाच्या गच्चीवर उभा आहे आणि अंगात डॉक्टरचा कोट."

"कोट बसलाय का नीट?" म्हातारीनं विचारलं.

"छे. खांदे उतरलेत. दुसऱ्याच्या मापाचा आहे."

हा शिंपी असा, की गिऱ्हाईक दारात खोकलं तर त्या खोकल्यावरून छातीचं माप सांगायचा. निदान त्याचं म्हणणं तसं होतं.

दोघं पलंगावर भिंतीला टेकून बसली होती आणि समोर उशीला उभा केलेला टॅब होता. म्हातारीचे डोळे दीड वर्षापूर्वी गेले. त्याआधी बारा वर्षं तिनं कोरियन आणि चिनी मालिकांखेरीज मन लावून काही पाहिलं नव्हतं. आता पडद्याखालची भाषांतराची ओळ शिंप्यानं वाचायची आणि तिनं ऐकायची.

त्या ओळीची तीन महिन्यांपूर्वी मुंग्यांची रांग झाली, मग मुंग्याही गेल्या. शिंपी बघेल तिथं मधोमध राखाडी डाग आणि कडेनं थोडासा उजेड. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. गोळ्यांच्या डब्यांना त्यानं रबरबँड चढवले होते, सकाळच्या डबीला एक, रात्रीच्या डबीला दोन. बाकीचं थापांवर भागत होतं.

भागवणं भाग होतं. मुलांनी ठरवून टाकलं होतं, की बाबांना दिसतंय तोवर दोघांनी इथंच राहावं. त्यांचेही डोळे गेले, की आई मुलीकडे आणि बाबा मुलाकडे. दोन्ही घरांत एकेकापुरतीच जागा होती, आणि मध्ये रात्रभराचा प्रवास.

"कोरियन लोकांचं एक बरं असतं," म्हातारी म्हणाली. "पोरगी भिजली की तिला ताप येतो, ताप आला की तो उशाशी बसतो. दोन भागांत काम होतं. चिन्यांचं तसं नाही. एका छपराखाली राहतात, एका ताटात जेवतात, तीस भाग होतात तरी बोटाला बोट लागत नाही."

"आपलं काय निराळं होतं?"

"आणि कोरियन सासू पेला उचलून सुनेच्या तोंडावर पाणी फेकते. चिनी सासू नुसती चहा ओतते. मला विचाराल तर पाणी परवडलं."

"आणि तो दुसरा हिरो? नेहमी छत्री घेऊन उभा असतो तो?"

"तो दोन्हीकडे सारखाच. सोन्यासारखा माणूस असतो, पण बाईला पहिलाच हवा."

"मग मी पहिला की दुसरा?"

"तुम्ही मधली जाहिरात."

शिंपी खुशीत हसला. टॅबमधून एका बाईचा खणखणीत आवाज आला. म्हातारीनं मान तिरकी केली.

"ही कोण?"

"डॉक्टरीण. भावाला सांगतेय, तुझं हृदय फार नाजूक आहे, जिने चढू नकोस."

म्हातारी पांघरुणाची सुरकुती हातानं सारखी करत म्हणाली, "बरोबरच आहे तिचं. गच्चीवर कशाला चढावं त्यानं? बरं, पुढं?"

मुलगी कधी आत आली ते दोघांनाही कळलं नाही. तिच्याकडे किल्ली होती. ती रविवारी यायची, आज शुक्रवार होता. दारातच उभी राहून ती आधी गालात हसत ऐकत होती. मग तिची नजर पडद्यावर गेली.

"बाबा," ती म्हणाली, "ती मासळी विकतेय."

"कोण?"

"तुमची डॉक्टरीण. मागं बर्फाची खोकी आहेत. खाली लिहिलंय, माल आजचाच आहे, हात लावून बघा."



"वेष बदललाय तिनं," शिंपी म्हणाला.

मुलीनं टॅब उचलला, बोटानं दोन-तीनदा मागंपुढं केलं. "बाबा, तुमची कोरियन मालिका गेल्या आठवड्यातच संपलीय. तिच्यामागून ही आपोआप लागली. ही चिनी आहे. हिचे अकरा भाग बघून झालेत तुमचे."

मुलीनं टॅब पलंगावर ठेवला आणि बापाच्या तोंडासमोर हळूच पंजा धरला. शिंप्यानं मान वळवली आणि कोंबडा बघतो तसं डोळ्याच्या कडेनं बघायला गेला.

"तीन," तो म्हणाला.

मुलीनं पाचही बोटं मिटून घेतली.

"अगं, त्यांची काही चूक नाही," म्हातारी घाईघाईनं म्हणाली. तिचा हात पांघरुणावरून चाचपत शिंप्याच्या गुडघ्यापर्यंत आला. "ते बरोबरच वाचत असणार. माझंच लक्ष नव्हतं. आणि भाषा म्हणशील तर मला मेलीला काय कळतंय, सगळ्या सारख्याच वाटतात कानाला."

"आई," मुलगी म्हणाली. "स्वयंपाकघरात मिक्सर चालू असायचा, आणि बाहेरच्या टीव्हीवर कोणी नुसतं शिंकलं तरी तू आतून सांगायचीस, कोरियन की चिनी."