हिरवी पट्टी

नारिनच्या खोऱ्यात म्हातारं माणूस गेलं की बायकांना कापडाच्या पट्ट्या वाटतात. त्या गोधडीत शिवल्या की गेलेल्याचं आयुष्य आपल्याला लाभतं, म्हणे.

असिलच्या गोधडीत तिचं सगळं सासर होतं. सासूबाई बुरुल्चा एकेका तुकड्यावर बोट ठेवून सांगायच्या, "ही माझी नणंद, महाभांडखोर. हे तुझे मामंजी." एका हिरव्या पट्टीवर मात्र बोट अडलं.

"ही कुणाची गं?"

"मी नाही शिवली, आई."

"मग काय, गोधडीला फुटली?" हसत हसत बुरुल्चांनी पेटी उघडली. स्वतःच्या मयतीला वाटायचं कापड त्यांनी तळाशी जपून ठेवलं होतं. घडी मोडली. कापड तेच, हिरवं. पण निम्मंच उरलं होतं.

असिल घाईघाईने ती घडी परत घालायला लागली. सासूबाईंनी तिचे हात आपल्या हातांत घेतले. "वेडे, माझं आयुष्य तुलाच मिळणार ना? एक्क्याऐंशी वर्षं काय कमी आहेत?"

तेवढ्यात शेजारची सोनून दारात आली. तिच्या हातात हिरवी पट्टी होती.

"मावशी, ही माझ्या सुयांच्या डब्यात कुठून आली?"

तिच्या मागून, बर्फ तुडवत, आणखी चौघी येत होत्या.