नावेमागचा फेस

ज्या दिवशी माझा धाकटा भाऊ आर्न्ट समुद्रात पडून बुडाला, त्या दिवशीच्या आमच्या कॉड मासे धरायच्या नावेचा छोटा देखावा मी लोफोटेन बेटांवरच्या मच्छीमार सभागृहासाठी पूर्ण केला. लाटा रेझिनच्या, फेस कापसाचा. परंतु पाणी कोठेही खोटे दिसता कामा नये, हा माझा हट्ट.

त्याची बायको सुनिवा वाकून पाहू लागली.

"अगं बाई, हात लावला तर भिजेल की हो! पण भाऊजी, ह्यात आर्न्ट कुठंय?"

"तो पडला, त्यानंतरचं आहे हे."

तिचे बोट नावेमागच्या फेसावर टेकले आणि हळूहळू सरकत लाकडी चौकटीपर्यंत गेले.

"त्याला शोधायला तीनदा नाव फिरवली, असं म्हणाला होतात. मग हा फेस सरळ कसा?"