काळं होईपर्यंत

एका घरात दोन चहा, वेगवेगळ्या वेळी.

रिकाम्या खोलीत चालूच राहिलेला पंखा.

"आई, पोचलो की फोन करतो."

वळणावर गाड्या ब्रेक लावतात. रस्त्याचा डांबरी थर सरकतो तो तिथेच.

भर दुपार होती. वळणावरचा जुना थर खरवडून काढला होता आणि त्यावर पॉलिमर मिसळलेल्या डांबराचा पातळ फवारा मारून झाला होता. फवारा अजून तपकिरी होता. त्यातलं पाणी उडून तो काळा झाला, की मग पॉलिमरची जाळी, मग गरम डांबर-खडीचा थर. तपकिरीवरच माल ओतला तर खालचा थर वरच्याला धरत नाही.

इंजिनियर बाई उकिडव्या बसल्या. बोट टेकवलं. तपकिरी डाग.

"मॅडम, माल गार होतोय!" ट्रकच्या खिडकीतून ड्रायव्हर ओरडला. "मागे गाड्यांची रांग लागलीय. लोक माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत!"

"करू दे. तुझ्या पिढ्यांना तेवढंच काम," मुकादम म्हणाला. "गप बस."

ड्रायव्हर नवा होता. गेल्या वर्षी याच वळणावर थर सरकून बाईंचा मुलगा मोटरसायकलसकट पडला आणि गेला, हे त्याला माहीत नव्हतं. तो थर बाईंच्याच देखरेखीखाली पडला होता, हेही नाही.

बाई बोटाकडे बघत म्हणाल्या, "काका, तेव्हा काळं झालं होतं ना?"

मुकादमाने टोपी काढली, झटकली, परत घातली.

"झालं होतं."

"तुम्ही बघितलंत?"

"बोट लावून. कुळकुळीत काळं. पोरी, हे वळणच वाईट आहे."

इतक्या वर्षांत त्याने त्यांना मॅडमशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. बाईंनी बोट पँटला पुसलं. डाग नुसता पसरला.

फवारा कडांकडून काळा होत आला. मध्ये एक तपकिरी पट्टा राहिला. सगळे त्या पट्ट्याकडे बघत उभे होते, हॉर्न वाजत होते. मग तोही गेला. माणसांनी जाळी अंथरली, ताणली, मुकादमाने वाकून कडेला खिळे ठोकले.

"घरी याल?" बाईंनी विचारलं. "आत्ता म्हणालात तेच ह्यांना सांगाल? माझ्याशी बोलत नाहीत ते."

हातोडी थांबली.

"सांगेन की."

"कधी?"

"आजच येतो."

बाईंनी मान हलवली, ड्रायव्हरला हात केला. ट्रक वाफा सोडत मागे मागे येऊ लागला.

गेल्या वर्षी फवारा तपकिरी दिसताच मुकादमाने आडवा हात करून ट्रक थांबवला होता, आणि "येऊ द्या" असं बाईंनी सांगितलं होतं.