चांदनीची खिडकी

पेटी नव्हती.

कुसुमने करंडी पुन्हा उपसली. उकळलेल्या पाण्याचा थर्मास होता. स्पिरिटचा स्टोव्ह होता, बोरिक कापूस होता, थर्मामीटर होता, कमलची उन्हात वाळवलेली झबली होती. मिठाची पुडीसुद्धा होती. फक्त औषधांची चपटी पत्र्याची पेटी नव्हती, आणि क्विनाइन तिच्यातच होतं.

मांडीवर कमल थरथरत होती. गाडी बुऱ्हाणपूरहून सुटली तेव्हा हीच पोर केळं मागत होती. आता अंगाला हात लावला की चटका बसत होता, तरी तिचे दात वाजत होते. मागच्या महिन्यात ताप असाच चढला होता आणि मग आचके आले होते. तेव्हापासून कुसुम रात्री उठून पोरीच्या नाकापाशी बोट धरून बघत असे. “पुन्हा थंडी वाजली तर थांबायचं नाही, लगेच औषध,” असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जपान्यांनी जावा बेट घेतल्यापासून क्विनाइन बाजारातून उडालं होतं. बुऱ्हाणपूरच्या बुधवारा पेठेत एकाही दुकानात मिळालं नाही. अखेर डॉक्टरांनी आपल्या कपाटातली शेवटची बाटली दिली होती.

समोरच्या बाकावरून मनकर्णाबाई बघत होती. बुऱ्हाणपूरजवळच्या फोपनारची होती, लेकीकडे खांडव्याला निघाली होती. बायकांच्या त्या डब्यात तिने चढल्याबरोबर कुसुमच्या सामानाची थट्टा केली होती.

“घर उचलून आणलं, मी म्हटलं. आन् पोरीचं औषधच राह्यलं का वो बाई?”

“राहिलं नाही. मी स्वतः भरलं होतं.” कुसुमने करंडीवरचं फडकं चाचपलं. “काढून घेतलंय कुणीतरी.”

कुणीतरी कशाला? करंडीवरच्या फडक्याची गाठ तिची नव्हती. तशी जाड, दुहेरी गाठ घरात एकच माणूस मारत असे. सासूबाई. पहिल्याच दिवशी मथुराबाईंनी त्या बाटलीचा वास घेऊन तोंड फिरवलं होतं. “असं कडू जहर लेकराच्या पोटात? जाळ होईल, जाळ!” त्यानंतर त्या काही बोलल्या नव्हत्या. कुसुमला तेव्हा बरं वाटलं होतं. आता कळलं, त्या गप्प का होत्या.

मंगळवारी निघण्यालाही त्यांचा विरोध होता. मंगळवारी उत्तरेला दिशाशूळ, तिकडे जाणं अशुभ. पण कुसुमच्या नवऱ्याची, मधुकरची, बदली जबलपूरला झालेली, घर मिळालेलं, तिकीट निघालेलं. मग सोमवारीच त्यांनी प्रस्थान ठेवलं. निघणाऱ्याची एखादी वस्तू चांगल्या दिवशी पुढं रवाना करायची, म्हणजे माणूस मागाहून केव्हाही निघाला तरी चालतं. त्यांची धाकटी बहीण गोदाबाई वाटेवरच्या चांदनीला राहत होती. प्रस्थान तिच्याकडे गेलं होतं. “चांदनीला खिडकी उघडी ठेव. गोदा देईल आणून,” असं त्यांनी टांग्यात दोनदा सांगितलं होतं. सामानाचे नग मोजता मोजता कुसुम “बरं, बरं” म्हणाली होती. प्रस्थान म्हणजे काय, तर हळकुंड, सुपारी, फार तर एखादं लुगडं.

कमलची मान मागे कलंडली. कुसुमने मिठाच्या पाण्याची घडी तिच्या कपाळावर दाबली. घडी लगेच कोमट झाली. उतरून मागे फिरावं? परतीची गाडी थेट संध्याकाळी. साखळी ओढावी? ओढून काय, या सागाच्या रानात औषध कोण देणार?

गाडीचा वेग मंदावला. बाहेर कुणीतरी ओरडलं, “चांदनी!” कुसुमने उठून खिडकीची झडप खाली ओढली.

कुणीतरी डब्याडब्यावर थापा मारत येत होतं. थाप त्यांच्या झडपेवर पडली.

“बुऱ्हाणपूरची सूनबाई हाये का इथं? कुसुम! वो कुसुम!”

मनकर्णाबाईने झडपेला हात घातला. कुसुमने तो धरला.

“नका उघडू. पोरीला वारा लागेल.”

“अवं, तुह्या नावानं ओरडून राह्यली ती!”

“ओरडू द्या. पोरीचं औषध ठेवून घेतलं, आणि सुपारी पोचवताहेत. मला नको त्यांचं काही.”

थापा वाढल्या. शिट्टी झाली. गाडी हलली तशी बाहेरची पावलं धावू लागली. अनवाणी, जड, म्हाताऱ्या माणसाची. आणि त्या पावलांबरोबर आणखी एक आवाज. किणकिण. पत्र्यावर काच.

रविवारी पेटी भरताना बाटल्यांच्या मध्ये कापूस कोंबायचा राहून गेला होता. पेटी हलली की अशीच वाजायची.

तिने पोर मनकर्णाबाईच्या ओटीत टाकली. झडप वर फेकली. फलाट संपत आला होता. एक म्हातारी कासोटा खोचून धावत होती, दोन्ही हातांनी पेटी डोक्यावर धरून. कुसुम बाकावर चढली आणि सगळा भार टाकून साखळीला लोंबकळली.

गाडी आचका देऊन थांबली.

गोदाबाई खडीवरून ठेचकाळत खिडकीखाली आली. पेटी तिने वर दिली. झाकणावर हळदकुंकू, सभोवती लाल दोरा. कुसुमला गाठ सुटेना. तिने दातांनी दोरा तोडला, चमचा भरला, कमलचे दात बोटाने उघडले. कडू घोट गळ्याखाली उतरला. पोरीने तोंड वाकडं केलं आणि बारीक रडू काढलं.

मागून गार्ड शिव्या देत येत होता. कुसुम खिडकीतून वाकली. तिच्या ओठांवर हळद लागली होती.

“मावशी… प्रस्थानाला सुपारी ठेवतात ना?”

“म्या बी हेच सांगून धाडलं होतं,” गोदाबाई छाती दाबत म्हणाली. “तं मथुराबाई म्हणे, सुपारी घेऊन काय करू? ज्याच्यात पोरीचा जीव हाये, तेच आधी चांगल्या वेळेवर पुढं जाऊ दे.”