वरच्यांची कोरडी फरशी

वरच्या मजल्यावरच्या काकांच्या बाथरूममधली जाळी कुणीतरी फरशीपेक्षा बोटभर उंच बसवली होती. त्यामुळे त्यांच्या अंघोळीचं पाणी जाळीत न जाता तिच्या कडेच्या भेगेतून थेट आमच्या बाथरूममध्ये यायचं. मी तक्रार घेऊन गेले की काका मलाच आत नेऊन दाखवायचे, "बघा वहिनी, फरशी कशी कोरडीठाक आहे! आमच्याकडे थेंबही राहत नाही."

राहील कसा? सगळं आमच्या डोक्यावर!

बोलून बोलून माझं तोंड दुखलं, तेव्हा भांडायला मी मुलाला वर पाठवू लागले. पण पोरगं मुळातच मवाळ. तास-तासभर वर बसायचं आणि हात हलवत परत यायचं. "काय झालं रे?" विचारलं की म्हणायचं, "बोलणी चालू आहेत, आई."

आज सकाळी मात्र काका स्वतःच मिस्त्रीला घेऊन आमच्या दारात हजर! आमच्या बाथरूममध्ये शिरून त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून छत पाहिलं, आणि नेमका एक थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला.

"काय ही दशा!" ते माझ्यावरच उखडले. "इतकी वर्षं गप्प कशा बसलात?"

मी तोंड उघडणार, तोच ते मिस्त्रीकडे वळले. "आजच्या आज वरची फरशी फोड आणि जाळी नीट खाली बसव."

मग चष्मा पुसत मला म्हणाले,

"आमची लेक याच घरात नांदायला यायचं म्हणतेय, विहीणबाई."